दशमांश कापसाच्या पट्टीवर, की हाती उरलेल्यावर?

कापसाचे चुकारे आणि मंडळ्यांमधले, म्हणजे चर्चमधले, कापणीचे सण मागेपुढेच येतात. त्यामुळे या महिन्याच्या टपालात दशमांशाचे, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याचे, आणि एकूणच देण्याघेण्याचे प्रश्न जास्त आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

माझी ४ एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे. या साली २० क्विंटल कापूस झाला. दशमांश पूर्ण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या एकूण रकमेवर, काढायचा की खर्च जाऊन? मंडळीत दोन्ही मतांचे लोक आहेत. कृषी केंद्राची उधारी आहे आणि एका पाहुण्याचे ४० हजार द्यायचे आहेत.
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

खर्च जाऊन. पण खर्चात काय धरायचं आणि काय नाही, यातच खरी गोम आहे.

पूर्ण पट्टीवर काढा म्हणणारे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. शेतात जे पिकेल त्या सगळ्याचा दहावा भाग, असं तिथे आहे, हे खरं. पण त्या काळी बी घरच्या कणगीतलं असे आणि बैल दावणीचे. पेरण्यासाठी कृषी केंद्राची उधारी नसे. आज तुमच्या पट्टीवरचा मोठा आकडा कृषी केंद्राचा, ट्रॅक्टरवाल्याचा आणि मजुरांचा असतो. तो तुमच्या हातून फक्त जातो.

आकडेच मांडू. २० क्विंटल, भाव समजा ७,००० रुपये, म्हणजे पट्टी १,४०,००० रुपयांची. बियाण्याची ८ पाकिटं ७,२००, खत १४,०००, फवारणी १०,०००, नांगरणी-वखरणी-डवरणी १४,०००, निंदण १२,०००. वेचणी १० रुपये किलोने २०,००० आणि गाडीभाडं ३,०००. खर्च झाला ८०,२००, हाती राहिले ५९,८००. यावर दशमांश ५,९८० रुपये. पट्टीवर काढलात तर तो १४,००० होतो, म्हणजे हाती आलेल्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. कुणाला मनापासून तेवढा द्यायचा असेल तर त्याला अडवू नये. पण कृषी केंद्राची उधारी थकवून १४,००० देणारा माणूस दुकानदाराच्या पैशाने दान करतो.

आता वजा काय करायचं नाही? घरचा किराणा, मोटारसायकलचा हप्ता, लग्नाचा आहेर, मोबाइल. ही वजाबाकी सुरू झाली की दशमांश दर वर्षी शून्यावर येतो. घरच्या माणसांची मजुरीही वजा करू नका. ती तुमचीच कमाई आहे. पीककर्जाचं मुद्दल मात्र एकदाच धरा. बी-खत त्याच पैशातून आणलं असेल तर तो खर्च वर आलेलाच आहे, हप्ता म्हणून तो पुन्हा वजा होत नाही. ही चूक फार जण करतात. पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि मुदतीत फेडलं तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज पडत नाही. अर्पणासाठी हप्ता चुकवलात तर ही सवलत हातची जाते.

पाहुण्याचे ४० हजार एकदम फिटणार नाहीत. त्यांना तारीख आणि रक्कम सांगून हप्ता बांधा. तो हप्ता ठरला की दशमांश द्यायला अडचण नाही. न सांगता टाळत राहिलात तर आहे.

नवा करार टक्का ठरवून देत नाही, हेही लक्षात असू द्या. १ करिंथ १६:२ मध्ये पौल म्हणतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं. यातलं 'बाजूला ठेवावं' हे शेतकऱ्यासाठी फार उपयोगाचं आहे. चुकारा ज्या दिवशी हाती येईल त्याच दिवशी वाटा वेगळा काढा. बँकेत दुसरं खातं असेल तर उत्तम, नाहीतर कुलुपाचा डबा. संक्रांतीपर्यंत थांबलात तर त्या पैशाला दहा वाटा फुटलेल्या असतात.

'प्रथमफळ' म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस तसाच विकून देणारेही आहेत. पहिला वेचा दवाने ओलसर असतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापले जातात आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतच नाहीत. तो वाळवा, नीट भावाने विका आणि मग द्या. नीतिसूत्रे ३:९ मधला पहिला उपज म्हणजे आधी काढलेला वाटा. घाईने विकलेला माल असा त्याचा अर्थ नाही.

दशमांशाच्याही आधीचा हिशेब वेचणाऱ्या बायांचा आहे. संध्याकाळी काट्यावर गाठोडं टांगलं की काटा स्थिर व्हायच्या आत आकडा म्हणायचा, ओल आहे म्हणून किलो-दोन किलो कमी लिहायचे, आणि पैसे 'बाजाराच्या दिवशी' म्हणून पुढे ढकलायचे. हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की यात पाप आहे असं कुणाला वाटतच नाही. अनुवाद २४:१५ म्हणतं, मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे. याकोब ५:४ मध्ये शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी देवाकडे ओरडते. बाईने मागितलं नसलं तरी आकडा तिच्यासमोर वहीत लिहा आणि तिच्याकडून वाचून घ्या. तिला वाचता येत नसेल तर तिच्या सोबतच्या मुलीकडून. काटा महिन्यातून एकदा ५ किलोच्या मापाने तपासा.

तुरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शेतात असेल तर तिचा हिशेब विकल्यावर वेगळा मांडा. सोयाबीन असेल तर लेवीय १९:९ चा सरवा, म्हणजे रानात सांडलेलं गरिबांना वेचू देणं, अजूनही पाळता येतो. शेंगा जास्त वाळल्या की सोंगताना तडकतात आणि दाणा खाली सांडतो. मळणी झाल्यावर लगेच रोटाव्हेटर घालू नका, चार-पाच दिवस रान मोकळं ठेवा. सरवा वेचायला येणाऱ्या बायांना हाकलू नका, एवढंच.

पीक बुडालं आणि विम्याची रक्कम आली तर? ती खर्चाला पुरली नाही तर त्यात उत्पन्न काहीच नाही. जे जवळ नाही त्याचा हिशेब देव मागत नाही, असं २ करिंथ ८:१२ सांगतं.

नवरा मंडळीत येत नाही. माझ्या देण्यावरून घरात भांडण होतं. मी शिवणकाम करते आणि बचत गटात आहे.
— एक ताई, मोर्शी तालुका

ताई, त्यांच्या कमाईतून लपवून काढू नका. तुमच्या शिलाईतून द्या आणि किती देता ते त्यांना सांगा. गटाचं अंतर्गत कर्ज काढून अर्पण तर कधीच नको. पैशावरून फारच होत असेल तर मूठ काढा. मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी १९१० मध्ये ही रीत सुरू केली. स्वयंपाकाचे तांदूळ घेताना आधी एक मूठ वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं मंडळीला. आजही तिथल्या मंडळ्यांचा बराच कारभार त्या मुठीवर चालतो. तुमच्याकडे ज्वारीच्या पिठाची नको, पिठात अळ्या होतात. दाण्याची किंवा डाळीची मूठ काढा.

मोबाइलवर एक प्रचारक सांगतात की ५,००० रुपयांचं 'बी' पेरा, १०० पट मिळेल आणि आजारही जाईल. ते मलाखी ३:१० वाचतात. आईला लकवा आहे. पाठवू का?
— एक तरुण, मेहकर

नका पाठवू. ते ५,००० आईच्या मालिशला, औषधाला, जिल्ह्याच्या गावी नेण्या-आणण्याला लावा. मलाखीतलं भांडार म्हणजे मंदिराचं धान्याचं कोठार. तिथलं धान्य लेव्यांच्या, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्यांच्या, पोटाला लागे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावच्या वेशीत ठेवून परदेशी, पोरके आणि विधवा यांना खाऊ घालायचा अशी आज्ञा होती (अनुवाद १४:२८-२९). क्यूआर कोडमागे कोण आहे हेही ठाऊक नसताना त्या वचनाचा हवाला देणं ही लबाडी आहे. आणि मार्क ७ मध्ये येशू ज्यांच्यावर सगळ्यात कडक बोलतो ते हेच लोक, आईबापाचा वाटा 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावे लावून हात झटकणारे.

मी खजिनदार आहे. कापणीच्या सणाला ज्वारी, गहू, तूर, सोयाबीन येतं. गरिबांसाठी पाळकांच्या पडवीत ठेवतो. आषाढात वाटायला काढावं तर निम्म्याला भुंगा. शिवाय अर्पणाच्या थैलीच्या मोजणीवरून माझ्यामागे कुजबुज चालते.
— आर्वी तालुका

आधी धान्य. वाटायचा महिना तुम्ही बरोबर निवडलाय. पेरणीला पैसा गेलेला असतो, नवं पीक दूर असतं आणि मजुराच्या घरात त्याच दिवसांत डबा रिकामा असतो. पण तोपर्यंत चारही धान्यं टिकवायचा हट्ट चुकतो.

सोयाबीन घरी कुणी शिजवत नाही. सणाच्याच आठवड्यात विका. लिलावात मंडळीतलेच लोक चढ्या बोलीने घेतात, ते चांगलंच आहे, पण बोली लागली त्याच दिवशी पैसे घ्या. मागून उधारी वसूल करायला पाळकांनी फिरणं वाईट दिसतं. तुरीचा भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच येतो. तो अंडी घालतो अख्ख्या दाण्यावर. म्हणून तूर साठवू नका, लगेच डाळ करून आणा. डाळीत भुंगा सहसा वाढत नाही.

ज्वारी-गहू ठेवायचे असतील तर दाणा दाताखाली कट वाजेपर्यंत उन्हात वाळवा आणि मग रात्रभर थंड होऊ द्या. गरम धान्य पोत्यात भरलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. घाईची मंडळी इथेच चुकतात. पोती नवी घ्या, जुनी असतील तर उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात किंवा त्याच्या पडवीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने झोपेतली माणसं दगावतात. आमचं मत विचाराल तर पावसाळ्याआधीचं सगळं धान्य मृग लागायच्या आत वाटून टाका, लिलावाची रक्कम बँकेत ठेवा आणि आषाढात त्या पैशाचं धान्य दुकानातून आणून द्या. वाटताना फोटो नको. उपासनेत यादी वाचू नका. दोन वडील माणसं घरोघर जाऊन देतील.

आता थैली. कुजबुज होते ती बहुतेक वेळा चोरीमुळे होत नाही. थैली एकट्याने घरी नेण्यामुळे होते. पौल कोरिंथच्या मंडळीकडून वर्गणी नेताना मुद्दाम मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो आणि कारणही सांगतो, कुणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:२०). तुम्हीही तसंच करा. उपासना संपताच, लोक असतानाच, उपासनामंदिरातल्या मेजावर थैली उपडी करा. मोजणारे दोन, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, आणि दर महिन्याला बदलणारे. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, नाणी किती, असं छापील चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या. चिठ्ठीच्या दोन प्रती, एक वहीत चिकटवलेली, दुसरी सचिवाकडे. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. त्यातूनच वीजबिल भरून उरलेली भरायची, ही सवय मोडा. आवक आणि जावक एकाच नोटेत मिसळली की हिशेब तपासनीसाला काहीच लागत नाही. खर्च चेकने किंवा किरकोळ रकमेच्या वेगळ्या पेटीतून. नाव लिहिलेल्या पाकिटाला पावती त्याच दिवशी. 'छपरासाठी' म्हणून आलेला पैसा वहीच्या वेगळ्या पानावर. पाळकांचं मानधन अडलं तरी त्यातून उचलायचा नाही.

भिंतीवरचा यूपीआयचा कोड तुमच्या मोबाइलशी जोडलेला असेल तर आजच काढा. मंडळीच्या नावाच्या खात्याचाच हवा. आयकर सवलतीचं कुणी विचारलं तर एवढं सांगा: ८०जी अन्वये सवलत हवी असेल तर २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलतच मिळत नाही. निव्वळ शेतीचं उत्पन्न असलेल्याला तसाही तिचा उपयोग नाही.

माझा पुतण्या परदेशात आहे. मंदिराच्या छपरासाठी पैसे पाठवतो म्हणतो. पाळकांच्या खात्यावर मागवू का?
— वरोरा

पाळकांच्या खात्यावर नाही. पुतण्याचं नागरिकत्व अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर कायद्याने ती विदेशी देणगी ठरत नाही. मंडळीच्या खात्यावर घ्या, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि पत्र फाइलला लावा. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असूनही ती विदेशी देणगीच. मग संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खाते लागतं. ते नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

माझे मालक वारले. २ एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर माझं आणि दोन मुलांचं नाव आहे. मुलं पुण्यात असतात. बायबलमधल्या विधवेने सगळं दिलं तसं मलाही सगळं मंदिराला द्यावंसं वाटतं. पाळक म्हणतात, कागद करून देतो.
— एक आजी, मेळघाटाच्या पायथ्याचं गाव

आजी, सगळं तुम्हाला देताच येणार नाही, कारण सगळं तुमचं नाही. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती माणूस वारला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने बायकोला तिसरा हिस्सा आणि मुलांना मिळून दोन हिस्से जातात. २ एकर म्हणजे ८० गुंठे. तुमचे साधारण पावणेसत्तावीस गुंठे. बाकीचे मुलांचे, आणि ते त्यांच्या सहीशिवाय हलत नाहीत.

तुमच्या वाट्याचंही बक्षीसपत्र आत्ता करू नका. बक्षीस एकदा नोंदलं की परत घेता येत नाही. उद्या दवाखाना लागला तर हातात काही उरत नाही. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला, म्हणजे ट्रस्टलाही, द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता केलेले कागद वर्षानुवर्षं तहसिलीत लोंबकळतात.

दोन वाटा मोकळ्या आहेत. जमीन मक्त्याने (भाड्याने) दिलेली असेल तर तुमच्या वाट्याचा मक्ता दर वर्षी द्या, पूर्ण किंवा अर्धा. दुसरी वाट मृत्युपत्राची. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं. त्यात गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि मंडळीच्या ट्रस्टचं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक. पाळकांचं नाव नाही. पाळक बदलतात, वारतात, आणि त्यांच्या नावावर लागलेली जमीन त्यांच्या वारसांकडे जाते. दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना किंवा अंगठा लावताना पाहून मग आपल्या सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार झाली तर त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणून साक्षीला मंडळीबाहेरची माणसं घ्या.

काही वकील अजून सांगतात की पुतण्या-भाचा असलेल्या ख्रिस्ती माणसाचं धर्मकार्याचं मृत्युपत्र मरणाच्या १२ महिने आधी केलेलं लागतं. ते कलम ११८ होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते रद्द केलं. त्याची भीती नको. परवानगीचा प्रश्न मात्र मृत्युपत्रातल्या शेतजमिनीलाही आडवा येऊ शकतो. म्हणून जमिनीऐवजी 'माझा हिस्सा मुलांनी घ्यावा आणि अमुक रक्कम ट्रस्टला द्यावी' असं लिहिलं तर सगळ्यांना सोपं जातं. मुलांना आत्ताच सांगा, फोनवर नाही, ते नाताळला येतील तेव्हा.

आणि दोन टोल्या (दोन क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या विधवेबद्दल. मार्कच्या १२व्या अध्यायात तिच्या गोष्टीच्या लगेच आधीचं वचन, ४० वं, पाळकांकडून मोठ्याने वाचून घ्या. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल ते आहे.

मी गावात पैसे देतो, शेकडा ३ रुपये महिन्याने. परवाना नाही. आता प्रभूकडे वळलोय. व्याजातून दशमांश दिला तर मंडळी घेईल का?
— नाव-गाव देत नाही

घेऊ नये. ३ रुपये महिना म्हणजे सालाचे ३६ टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर १२ आणि तारणावर ९ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. निर्गम २२:२५ तर गरिबाकडून व्याजच घेऊ देत नाही.

आज नवीन देणं बंद करा. वहीतलं एकेक नाव काढा. समजा २०,००० रुपये १८ महिन्यांसाठी दिले होते, तर व्याज घेतलं १०,८००. लेवीय ६:५ चा नियम आहे, बळकावलेलं परत द्यायचं आणि वर त्याचा पाचवा हिस्सा. म्हणजे २,१६० घालून १२,९६०. मुद्दल थकलेलं असेल तर त्यातून वळतं करा आणि तसं लिहून द्या. बायबलमधला जकातदार जक्कय चौपट देतो म्हणाला, ती त्याची स्वतःची उडी होती. तुमच्यावर तिची सक्ती नाही. चेक, कोरे स्टॅम्प, सातबारे, एटीएम कार्ड जे ठेवलं असेल ते ज्याचं त्याच्या हातात द्या. जमीन लिहून घेतली असेल तर आधी वकील गाठा. ती परत करण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधकही देऊ शकतात, पण त्यांची नोटीस यायच्या आत आपण होऊन परत करणं वेगळं. माणूस वारला असेल तर त्याच्या बायकोला द्या. वही पूर्ण मिटल्यावर हाती काही उरलं, तर त्याच्या दशमांशाचं पुन्हा विचारा.